दाराशी कोण उभंय ते बघा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी 'गॉस्फर्ड पार्क' या पिक्चरबद्दल जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, पावसात घरी अडकलात तर बघा एवढंच, आणि त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. सिनेमा 2001 चा, दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन, गोष्ट 1932 च्या नोव्हेंबरातली. इंग्लंडातल्या एका बड्या इस्टेटीवर शिकारीच्या निमित्तानं पाहुणे जमतात, प्रत्येकाबरोबर आपापला नोकर नाहीतर मोलकरीण, आणि दोन दिवसांत घरमालक सर विल्यमचा खून होतो. खून कुणी केला ते या पानावर मिळणार नाही. तिघांनी विचारलंय, तिघांनाही नाही.

प्रश्न : पहिल्या पंधरा मिनिटांत वीस-पंचवीस माणसं येतात, सगळे एकदम बोलतात, सबटायटल वाचू का तोंडं बघू कळेना, शेवटी टीव्ही बंद करून मेथी निवडत बसले. दोष माझा का पिक्चरचा? (एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली)

बाई, दोष कुणाचाच नाही. पहिल्यांदा मलाही तेच झालं होतं, फरक एवढाच की माझ्याकडं मेथी नव्हती. ऑल्टमनची ती पद्धतच होती, सगळ्यांना माईक लावायचे, दोन कॅमेरे सारखे हलते ठेवायचे, त्यामुळं आत्ता कॅमेरा आपल्यावर आहे का शेजारच्यावर हे नटांनाही नक्की कळायचं नाही आणि मागं उभा असलेला माणूससुद्धा खरंच काहीतरी करत राहायचा. म्हणून ते सगळं गजबजलेलं वाटतं. तुम्ही लांबच्या नात्यातल्या लग्नाला कार्यालयात गेलाय असं समजा. पहिला तासभर कोण कुणाची आत्या, कोण नवऱ्या मुलाचा मामा, काही लागत नाही, पण पंगत बसेपर्यंत कोण कुणाशी बोलत नाहीये हे बरोबर कळलेलं असतं की नाही? तसंच आहे हे. नावं पाठ करायला जाऊ नका, शाळेची सवय जरा बाजूला ठेवा.

मी सांगते तसं करा. मेरी नावाची ती पोरसवदा मुलगी धरून ठेवा, केली मॅकडोनाल्डनं केलीय. म्हाताऱ्या काउंटेसची ती नवी खासगी मोलकरीण, तिलाही तुमच्यासारखंच काही माहीत नसतं, त्यामुळं तिला जे कळतं ते आपल्याला कळतं. सुरुवातीचाच सीन आठवा. धो धो पाऊस, मालकीणबाई गाडीत मागं कोरड्या बसलेल्या, आणि त्यांना थर्मासचं झाकण उघडेना. झाकण! तेवढ्यासाठी गाडी थांबते, ही पोरगी पुढून उतरते, भर पावसात भिजत उभी राहून थर्मास उघडून देते. कुणी रागावत नाही, कुणी रडत नाही, बाईंना त्यात काही वावगं वाटत नाही आणि पोरीलाही ते कामाचाच भाग वाटतं. मला विचाराल तर सगळा पिक्चर त्या झाकणात आहे, पुढचे दोन तास नुसता त्याचा विस्तार.

आणि दुसरी गोष्ट, ही कळली की मग पिक्चर एकदम उघडतो. वरच्या मजल्यावरचा, म्हणजे साहेबलोकांचा कुठलाही सीन घ्या, त्या खोलीत कुणीतरी नोकर असतोच. ऑल्टमननं तसा नियमच करून घेतला होता, नोकर हजर नसेल तर वरचं काही दाखवायचं नाही. म्हणजे ती श्रीमंत माणसं आपल्याला जेवढी दिसतात तेवढी फक्त ट्रे धरून उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतनं दिसतात. दुसऱ्यांदा बघताना मी बोलणाऱ्यांकडं बघितलंच नाही, फक्त दाराशी कोण उभंय ते बघितलं, आणि अक्षरशः वेगळा पिक्चर दिसला. तुम्ही पहिल्याच वेळी तसं करा, वेळ वाचेल. मेथी निवडता निवडता मात्र जमणार नाही.

प्रश्न : बटलर, व्हॅले, फूटमन हे सगळे वेगवेगळे आहेत का एकाच कामाची तीन नावं? माझ्या रूमवर यावरून पैज लागलीय. (सातारा, कॉलेजात शिकणारा)

वेगवेगळे आहेत, पैजेचे पैसे ज्याचे त्याला द्या. बटलर म्हणजे घरातल्या पुरुष नोकरांचा मुख्य, चांदीची भांडी आणि दारूचं तळघर त्याच्या ताब्यात. आपल्याकडच्या संस्थानी वाड्यात खासगीचा कारभारी असायचा ना, साधारण त्या रुबाबाचा. व्हॅले म्हणजे एकाच मालकाचा खास माणूस, कपडे काढून ठेवणं, दाढीचं पाणी, बूट, प्रवासाची बॅग. आपल्या भाषेत हुजऱ्या म्हणा. फूटमन म्हणजे गणवेश घालून टेबलावर वाढणारे, निरोप नेणारे, जड सामान उचलणारे उंच तरणे पोरगे. उंच म्हणजे खरंच उंचीवर पगार ठरायचा, दोघं फूटमन जोडीनं उभे राहिले की शोभा दिसली पाहिजे, आपल्याकडं बैलजोडी बघून घेतात तसं. हसू नका. पुरुष नोकर ठेवणं ही तिकडं चैनच मानली जायची, 1777 साली त्याच्यावर सरकारनं चक्क कर बसवला होता आणि तो 1937 पर्यंत होता, म्हणजे पिक्चरमधला जो प्रत्येक उंच पोरगा सूपचं भांडं घेऊन चाललाय त्याच्यावर मालक टॅक्स भरतोय.

बायकांमध्ये हाऊसकीपर सगळ्यात वर. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कोठी, चादरी, मोलकरणी सगळं तिच्याकडं. हेलन मिरननं ती मिसेस विल्सन काय केलीय! आवाज चढवत नाही, पण ती बोळातून नुसती गेली तरी पोरी ताठ होतात. स्वयंपाकघर मात्र तिचं नाही, ते कुकचं वेगळं राज्य, आणि या दोघींमधून विस्तव जात नाही. का जात नाही ते बघताना कळेल. दोघींनाही मिसेस म्हणायचं, लग्न झालेलं असो नसो, तो हुद्द्याचा मान.

एक गंमत तुमच्या पैजेत नसेल ती सांगते. पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरांना त्या घरात स्वतःचं नाव नसतं, मालकाचं नाव लागतं. मेरीची मालकीण लेडी ट्रेंथम, म्हणून खाली सगळे मेरीला मिस ट्रेंथम म्हणतात. सोयीसाठी म्हणे, एवढी नवीन नावं कोण लक्षात ठेवणार. आपल्याकडं लग्नघरात अमक्यांच्या ड्रायव्हरला जेवायला वाढलं का असं विचारतात, त्यातलाच प्रकार.

प्रश्न : हा वाडा खरा आहे का सेट? जाऊन बघता येतो का? (वाई)

वाईकरांनी हा प्रश्न विचारावा म्हणजे कमाल झाली, तुमच्या मेणवलीच्या घाटावर इतकी शूटिंगं झालीत की आता तिथली म्हैसही कट म्हटल्यावर थांबत असेल. बाहेरून दिसतं ते रोदम पार्क, लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमध्ये, घर खरं आहे. वरच्या काही खोल्या सायन हाऊस नावाच्या दुसऱ्या वाड्यातल्या. खालचं स्वयंपाकघर, बोळ, नोकरांच्या खोल्या हे सगळं मात्र शेपर्टन स्टुडिओत उभं केलेलं. म्हणजे मालकांचं घर खरं आणि नोकरांचं घर बांधावं लागलं, कारण जुन्या वाड्यांची माडी लोक जपतात, खालची अंधारी बाजू कोण जपतंय. आपल्याकडं वेगळं काय आहे? दिवाणखान्याची हंड्या-झुंबरं पुसून ठेवतात आणि मुदपाकखान्यात मोडक्या खुर्च्या नाहीतर मांडवाचे बांबू टाकलेले असतात.

काम कसं करायचं हे नटांना शिकवायला मात्र खरे लोक आणले होते. आर्थर इंच म्हणून एक म्हातारे बटलर होते, आयुष्य बड्या घरांत काढलेले, ते सेटवर उभे राहून ताट कुठल्या बाजूनं पुढं करायचं, पेला किती अंतरावर ठेवायचा ते सांगायचे. म्हणून त्यातलं वाढणं खोटं वाटत नाही. आपल्या मराठी सिनेमात पंगत वाढताना बघा, मीठ कुठं, चटणी कुठं, काही ताळमेळ नसतो, आणि ते बघून घरोघरी आज्या ओरडत असतात.

प्रश्न : एवढे सगळे लॉर्ड आणि लेडी, तरी जो तो त्या सर विल्यमपुढं हात पसरतोय. घरंदाज लोकांकडं पैसा नव्हता का? (मिरज, व्यापारी)

काका, तुम्ही बरोबर नाडी पकडली. पैसा त्या एकट्या सर विल्यमकडं आहे आणि तो कारखान्यांतनं आलाय, खानदानी नाही. लग्न मात्र त्यानं खानदानी घरात केलंय. बाकीचे काय करतायत बघा. लेडी ट्रेंथमला त्याच्याकडनं दरसालचा खर्च मिळतो आणि तो बंद होईल या धास्तीनं म्हातारी अर्धमेली झालीय, तोंडानं मात्र घरात विकतचा मुरंबा ठेवतात म्हणून नाक मुरडते. एक साडू सुदानच्या सैनिकांना बूट पुरवायच्या धंद्यात त्याचा पैसा अडकवायला बघतोय. हे असले लोक आपण सगळ्यांनी बघितलेत, भावकीत एकाचा ऊस चांगला आला की बाकीच्यांच्या डोक्यात लगेच पोल्ट्री नाहीतर पेट्रोल पंप येतो.

तिकडची भानगड अशी की वारसा थोरल्या मुलाला. किताब त्याला, घर आणि जमीनही बहुतेक सगळी त्यालाच बांधून ठेवलेली. आपल्याकडं राजगादी थोरल्याला, पण शेतीवाडीत सगळ्या भावांचा हिस्सा, म्हणून तीन पिढ्यांत वीस एकराचं दीड एकर होतं आणि बांधावरनं कोर्टकचेऱ्या. तिकडं तुकडे पडत नाहीत, इस्टेट अखंड राहते, पण धाकट्यांनी लष्करात जायचं, चर्चमध्ये जायचं नाहीतर पैसेवाली बायको शोधायची. त्यात 1894 पासून मालक मेल्यावर इस्टेटीवर कर लागायला लागला आणि 1919 पर्यंत अगदी मोठ्या इस्टेटींसाठी तो 40 टक्क्यांवर गेला. मधल्या महायुद्धात बापामागोमाग मुलगाही गेला अशी घरं होती, म्हणजे त्याच जमिनीवर दोनदा कर. वर 1929 ची मंदी. तेव्हा 1932 साली ती माणसं हिरे घालून जेवायला बसलेली दिसली तरी त्यातल्या निम्म्यांच्या खिशात काही नाही, आणि हे कुणाला माहीत असतं? त्यांचे खिसे रोज रात्री रिकामे करून कोट टांगणाऱ्याला.

प्रश्न : माझी आजी लग्नाआधी एका वाड्यावर स्वयंपाकाला होती. आता तिला इंग्रजी कळत नाही पण माझ्याबरोबर बसून अर्धा पिक्चर बघितला. खालच्या लोकांचं जेवण आलं तेव्हा म्हणाली, "ह्यांच्या गड्यांना टेबल हाय की." मग गप्प झाली, पुढं काही बोलली नाही. हे तुम्हाला सांगावं वाटलं, प्रश्न असा नाही. (कराड)

ताई, प्रश्न नसला तरी आजच्या डाकेतलं हे सगळ्यात भारी पत्र आहे, मी दोन दिवस हेच घेऊन बसलेय.

आजींना बरोबर तेच दिसलं जे दिसायला पाहिजे. टेबल आहे. मांडून ठेवलेलं, चमचे-सुऱ्या, बसायला खुर्च्या, वेळेवर गरम जेवण. आपल्या वाड्यांत नोकरमाणसं कुठं जेवायची? ढेलजेत, मागच्या पडवीत, चुलीच्या उबेला, वरची पंगत उठल्यावर उरेल ते, आणि कुणाला कुठं बसायचं ते जातीनं आधीच ठरवलेलं, त्याला कुणी टेबल मांडलं नाही. ते टेबल बघून आजींना काय आठवलं असेल ते त्याच जाणोत.

पण त्या टेबलावर पुढं काय होतं तेही बघा. कुणी कुठल्या खुर्चीवर बसायचं ते आपल्या मालकाच्या मानावर. ज्याची मालकीण काउंटेस, ती बटलरच्या जवळ, मग ती कालची पोरगी का असेना, आणि ज्याचा मालक साधा मिस्टर तो पार शेवटाला, मग तो पन्नाशीचा का असेना. म्हणजे वरच्या टेबलाची उतरंड जशीच्या तशी खाली उतरवलेली, आणि ती उतरवून घेणारे वरचे लोक नाहीत, हे स्वतःच. तिथं एखादा जरा सरकून बसला तर खालचेच लोक डोळे वटारतात. मला त्या पिक्चरमध्ये सगळ्यात बोचलं ते हे.

आणि एल्सी. एमिली वॉटसननं केलेली ती घरची जुनी मोलकरीण. वरच्या जेवणाच्या वेळी ती भाजीचं भांडं घेऊन उभी आहे, सर विल्यमच्या बायकोनं त्याला काहीतरी टाकून बोललं, आणि हिच्या तोंडातनं त्याची बाजू घेऊन एक वाक्य निघून जातं. एकच. सगळ्या टेबलाचे काटे-चमचे थांबतात. त्या घरात नोकरमाणसाचं ऐकणं चालतं, बघणं चालतं, पण आपण ऐकतोय हे कळू देणं चालत नाही. ती खोलीतनं बाहेर जाते तेव्हाच तिची नोकरी गेलेली असते, कुणी जा म्हणावंही लागत नाही. ती निरोप घेऊन मोटारीत बसते तो सीन मी दर वेळी उभ्यानं बघते, का कोण जाणे.

आता आमच्याच घरातली एक गोष्ट सांगते, इतकी पत्रं छापतेय तर माझंही छापते. आमच्याकडं बारा वर्षं कामाला येणाऱ्या मावशी आहेत. त्यांचा चहाचा कप वेगळा आहे. कुणी ठरवून वेगळा केला नव्हता, सासूबाईंच्या काळापासून खिडकीत एक स्टीलचा कप पालथा असायचा, त्यातच चहा ओतायचा, हात आपोआप तिकडं जायचा. हा पिक्चर बघून मी एक दिवस त्यांना चिनीमातीच्या कपात चहा दिला. त्यांनी कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चहा स्टीलच्या कपात ओतून घेतला आणि म्हणाल्या, "ह्यात लवकर गार होतोय, मला अजून चार घरं हायत." मी पुढं काय बोलणार. अजून त्या स्टीलच्याच कपात पितात, कप मात्र आता खिडकीत नसतो, बाकीच्या कपांबरोबर असतो, एवढंच मला जमलं.

आजींना एक विचाराल का? वाड्यात त्या कुठल्या दारानं आत जायच्या. सांगितलं तर कळवा, नाही सांगितलं तर पुन्हा विचारू नका.

प्रश्न : ज्या इंग्रजांनी आपलं राज्य बुडवलं त्यांच्या चहापार्ट्यांचं कौतुक कशाला? लाज वाटली पाहिजे. (सातारा)

दादा, तुमच्या गावातनं हा प्रश्न येणं रास्तच आहे. 1848 साली तुमच्या इथला राजा वारला आणि डलहौसीनं दत्तक नामंजूर करून सातारचं राज्य खालसा केलं, ते कसं विसरायचं. पण पिक्चर कौतुकाचा नाही हो. तुम्ही बघितला नाहीये असं पत्रावरनं वाटतंय, चुकत असेन तर सांगा. त्यातले साहेबलोक दाखवलेत ते कंटाळलेले, कर्जात बुडालेले, एकमेकांवर टपलेले, साधं झाकण न उघडता येणारे. असल्यांनी आपल्यावर राज्य केलं हे बघून मला तर कौतुकापेक्षा डोक्याला हात लावावा वाटला.

आणि ती तारीख बघा ना. नोव्हेंबर 1932. ज्या दिवसांत ही मंडळी तितर-कोंबडे मारत फिरतायत त्याच दिवसांत लंडनात तिसरी गोलमेज परिषद चालू आहे आणि गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आहेत, पुणे करार होऊन दोन महिने झालेत. त्या घरात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. साम्राज्याचा संबंध किती, तर सुदानी सैनिकांच्या बुटांपुरता, तोही फायदा किती होईल एवढ्यासाठी. दिग्दर्शकानं मुद्दाम भाषण ठोकलेलं नाही, पण ऐकणाऱ्याला ऐकू येतं. आणि त्यानंतर सातच वर्षांनी तुमच्याच जिल्ह्यात, औंधच्या राजांनी 1939 ला आपल्या हातानं राज्यघटना आणून कारभार लोकांकडं दिला. त्याच्यावर कुणी असा पिक्चर काढावा असं मला फार वाटतं, दिवाणखान्यातनं नको, पाणक्याच्या नजरेतनं.

प्रश्न : तो पियानोवर गाणारा नट कोण? गाणी फार गोड आहेत. (हरिपूर)

देवलांच्या गावातनं गाण्याचाच प्रश्न येणार, माहीत होतं. तो आयव्हर नोव्हेलो, त्या पिक्चरमधला एकटा खराखुरा माणूस, म्हणजे 1893 ते 1951 या काळात होऊन गेलेला वेल्समधला नट आणि संगीतकार. पहिल्या महायुद्धात त्याचं एक गाणं घराघरात गेलं होतं. भूमिका जेरेमी नॉर्दमनं केलीय, गायलाय तोच, पियानोवर त्याचा भाऊ आहे. गाणी नोव्हेलोचीच.

तो सीन मात्र नुसता ऐकू नका. दिवाणखान्यात तो गातोय आणि बडे लोक पत्ते खेळतायत, एक बाई म्हणजे आपली लेडी ट्रेंथम, जांभई दाबत बसलीय, टाळ्या जास्त वाजवू नका नाहीतर हा थांबायचा नाही अशा थाटात. आणि दाराबाहेर, जिन्यावर, बोळात, अंधारात नोकरमंडळी जमलीत. एक पोरगी पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसलीय, दोघं भिंतीला टेकून. कामं तशीच टाकून. त्यांच्यासाठी तो सिनेमातला हिरो आहे, आयुष्यात पुन्हा इतक्या जवळनं ऐकायला मिळणार नाही. सांगलीत नाटकाला विंगेत उभं राहून, पडद्याच्या फटीतनं नाट्यसंगीत ऐकलेले लोक अजून आहेत, त्यांना हा सीन समजावून सांगावा लागत नाही. तिकीट काढून पुढं बसलेला माणूस पान लावतोय आणि खरा रसिक मागं कंदील धरून उभाय, हे आपल्याकडं काय नवीन आहे.

प्रश्न : घरात सगळे शाकाहारी, मुलं बरोबर बसली तर चालेल का? शिकार वगैरे फार आहे का? (इस्लामपूर)

शिकारीचा एक मोठा सीन आहे, पक्षी पडतात. बाकी मुलांसाठी पिक्चर तसा वाईट नाही, पण थोडं मोठ्यांचं प्रकरण आहे, कॉलेजच्या मुलांबरोबर बघा, पाचवी-सहावीतली तशीही झोपतील. शाकाहारावरनं आठवलं, पाहुण्यांतला तो अमेरिकन सिनेमावाला शाकाहारी आहे आणि त्यावरनं खालच्या स्वयंपाकघरात जी धांदल उडते ती बघून तुम्ही फार हसाल. सगळा बेत मांसाचा ठरलेला आणि आयत्या वेळी कळतं की साहेब खात नाहीत. मुंबईचे पाहुणे आले आणि जेवायला बसताना म्हणाले, आमचं आज कांदा-लसूण बंद आहे, तेव्हा आपलं जे होतं ते.

प्रश्न : हा आवडला. आता पुढं काय बघू? 'डाऊनटन अ‍ॅबी' का 'द रिमेन्स ऑफ द डे'? (सांगली, गावभाग)

दोन्ही बघा, पण मनाची तयारी वेगवेगळी ठेवा. 'डाऊनटन' म्हणजे दिवाळी फराळ. 'गॉस्फर्ड'ची पटकथा लिहिणारे ज्युलियन फेलोज, त्याच पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं आणि त्यातनंच पुढं 2010 ला ही मालिका आली, 1912 ते 1926 चा काळ, आपली लेडी ट्रेंथम झालेली मॅगी स्मिथ इथं पुन्हा म्हातारी सरदारीण. सगळं गोड, मालक प्रेमळ, नोकर निष्ठावान, गरम तूप. मी सगळी बघितलीय आणि पुन्हाही बघेन, पण खरं मानू नका. 1931 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये 13 लाखांवर बायका घरकामाला होत्या, त्यांतल्या बहुतेक अशा वाड्यांत नव्हत्याच, साध्या घरात एकटी मोलकरीण, पहाटे उठून चूल पेटवायची, रात्री शेवटी झोपायचं, टेबलही नाही आणि सोबतही नाही.

'द रिमेन्स ऑफ द डे' 1993 चा. तो आपला म्हणायला हरकत नाही, निर्माते इस्माईल मर्चंट मुंबईचे. अँथनी हॉपकिन्स बटलर. वर माडीवर त्याचा बाप मरतोय आणि खाली हा पाहुण्यांना दारू ओततोय, हात हलत नाही, आवाज हलत नाही, एक पाहुणा विचारतो बरं नाही का तुम्हाला, एवढंच. आणि त्याला ते अभिमानाचं वाटतं. मला तो पिक्चर दुसऱ्यांदा बघवला नाही. तुम्ही दिवाळी झाल्यावर बघा.

प्रश्न : 'डाऊनटन'मध्ये पहिल्याच भागात पेपरला इस्त्री करतात. वेड लागलंय का? (विटा)

नाही, कारण आहे. छापखान्यातनं ताजा आलेला पेपर ओला, शाई कच्ची, साहेबांचे हात काळे व्हायचे. इस्त्री फिरवली की शाई वाळते आणि घड्याही बसतात. मी मागच्या रविवारी करून बघितली, पुरवणीचा एक कोपरा पिवळा पडला, बाकी ठीक. मावशी भांडी घासता घासता दारातनं बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, गरम हायच तर त्या चार साड्यांवरनं पण फिरवा की, परवापासनं खुर्चीवर पडल्यात."